शेजाऱ्याने गप्प का बसावे?

ग्रामीण महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये हल्ली एक सल्ला वडीलकीच्या सुरात दिला जातो. रविवारची उपासना आटोपते, माणसे बाहेर येऊन चपला शोधू लागतात, आणि कुणीतरी जाणता माणूस नव्याने विश्वासात आलेल्या तरुणाला बाजूला घेऊन सांगतो : प्रभूवर प्रेम कर, नीट वाग, शेजाऱ्याच्या अडीनडीला धावून जा, पण तोंडाने काही बोलू नकोस. सुवार्ता सांगणे पाळकांचे काम. ते शिकलेले असतात, कुठे काय बोलावे त्यांना कळते. शिवाय सध्याचे दिवस बरे नाहीत.

सल्ला देणाऱ्याच्या मनात खोट नसते. प्रार्थनासभा उधळल्याच्या, पाळकांना पोलीस ठाण्यात नेल्याच्या बातम्या त्याने वाचलेल्या असतात आणि पोराला त्रास होऊ नये एवढीच त्याची इच्छा असते. पण हाच सल्ला गावाच्या दुसऱ्या बाजूनेही येतो, जरा कडक शब्दांत : तुमचा देव तुमच्या घरात ठेवा, आमच्या उंबऱ्यात आणू नका. एक सल्ला काळजीतून येतो, दुसरा संशयातून. मागणी मात्र दोघांची एकच, की साध्या ख्रिस्ती माणसाने गप्प बसावे.

ही मागणी चुकीची आहे. ती ख्रिस्ती शिकवणीला धरून नाही, राज्यघटनेला धरून नाही आणि मराठी गावाच्या रीतीलाही धरून नाही. उलट, गावात श्रद्धेबद्दल बोलण्याचा सर्वांत स्वच्छ अधिकार कुणाला असेल तर तो शेजाऱ्यालाच आहे. कारण समोरच्याला देण्यासारखे किंवा त्याच्याकडून हिरावून घेण्यासारखे त्याच्या हातात काहीच नसते.

हे नसरापुरात नीट तपासता येते. पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याला वळले की नसरापूर लागते. पुढे तोच रस्ता वेल्ह्याला, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याकडे जातो. गावाजवळचे बनेश्वराचे देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातले, १७४९ सालचे. त्या देवळातल्या घंटेवर क्रूस आहे आणि १६८३ हे साल कोरलेले आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या ज्या घंटा आणल्या, त्यांपैकी ही एक मानली जाते. वसईत आणि गोव्यात पोर्तुगिजांनी धर्म राजसत्तेच्या आधाराने चालवला. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय बसले आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत टिकले. ख्रिस्ती माणसाने हा इतिहास नाकारू नये. सत्तेच्या जोरावर आलेला धर्म सत्तेबरोबरच जातो, घंटा तेवढी मागे उरते.

नसरापूरला ख्रिस्ती सुवार्ता दुसऱ्यांदा आली ती तलवारीशिवाय. ऑस्ट्रेलियातून आलेल्या चार्ल्स रीव्ह यांनी १८९३ मध्ये ‘पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन’ सुरू केले. शहरांतून मिशनांचे काम आधीपासून होते. या मिशनने खेडी धरली. पंढरपुरात त्याचे ठाणे झाले, तसे नसरापुरातही झाले. बैलगाडीने, पायी, बाजाराच्या दिवशी, जत्रेच्या गर्दीत ही माणसे मराठीत बोलत हिंडली. पुढे १९६८ मध्ये हे मिशन दुसऱ्या एका मिशनमध्ये विलीन झाले, स्वतंत्र भारतात परदेशी मिशनऱ्यांचे येणे-राहणे कमी होत गेले आणि ती पिढी संपली. उरली ती इथलीच माणसे : भातशेती करणारी, शिरवळच्या कारखान्यात पाळीला जाणारी, दवाखान्यात नोकरी करणारी, एसटीची वाट बघणारी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी भरले, आणि त्यांतलेही बहुतेक मुंबई, ठाणे, वसई, पुणे अशा शहरी पट्ट्यात. भोर-वेल्ह्याच्या एखाद्या वाडीत ख्रिस्ती घर असेल तर ते बहुधा एकटेच असते.

अशा एकट्या घराला ‘तू बोलू नकोस, पाळक बोलतील’ असे सांगायचे म्हणजे त्या वाडीत कुणीच बोलू नये असे सांगायचे.

आता मिशनांवरचा जुना आक्षेप पाहू. तो पोकळ नव्हता. मिशनकडे शाळा होती, दवाखाना होता, वसतिगृह होते, दुष्काळात धान्य होते. ज्याच्या हातात भाकरी आहे त्याने धर्माची गोष्ट काढली तर ऐकणाऱ्याला नाही म्हणणे अवघड जाते. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंची गोष्ट इथे आठवावी लागते. विधवा मुलींसाठी मुंबईत १८८९ मध्ये सुरू झालेले त्यांचे शारदा सदन पुण्यात आले. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही असा करार होता आणि त्यांनी तो मोडला नाही. पण त्या स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात वादळ उठले. १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारख्या सल्लागारांनी संबंध तोडले आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी आपल्या खोलीचे दार लावायला नकार दिला, तो बरोबरच होता. स्वतःच्या घरात लपून प्रार्थना करण्याची सक्ती कुणावर करता येत नाही. तरी सल्लागारांच्या चिंतेतही तथ्य होते. त्या विधवा मुली रमाबाईंच्या छपराखाली राहत होत्या, त्यांचे जेवण आणि शिक्षण त्यांच्याच हातून येत होते. आश्रितावर आश्रयदात्याच्या श्रद्धेचे वजन पडते, मग आश्रयदाता कितीही निर्मळ असो. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली आल्या तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

शेजाऱ्याच्या बाबतीत हा आक्षेप लागूच होत नाही. भाताच्या लावणीला सावड धरतात तेव्हा आज एकीच्या खाचरात दोघी वाकलेल्या असतात, उद्या दुसरीच्या. देणे-घेणे बरोबरीचे असते. बांधावर डबा सोडताना एक बाई दुसरीला म्हणाली, की रात्री फार घाबरले होते, येशूचे नाव घेऊन प्रार्थना केली, मन शांत झाले, तर त्या वाक्यामागे कुठलेही अनुदान नसते. ऐकणारीला ते पटले नाही तर ती म्हणेल, ‘अगं, मी काळूबाईला नवस बोललेय, माझं तिच्यावर आहे.’ विषय तिथे संपतो आणि रोपांच्या मुठी पुन्हा उचलल्या जातात. नाही म्हणणाऱ्या बाईचे काहीही बुडत नाही, आणि कुठल्याही बोलण्याची शुद्धता याच कसोटीवर पाहावी. ज्यांना धर्मप्रसारामागच्या पैशाची आणि सत्तेची चीड येते त्यांनी शेजाऱ्याच्या बोलण्याचे खरे तर स्वागत करायला हवे. आणि मंडळीतल्या ज्या वडीलधाऱ्यांना बोलण्याचे काम पगारी, प्रशिक्षित, संस्थेच्या माणसांकडे सोपवायचे आहे, त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की ते सुवार्तेला पुन्हा त्याच साच्यात ढकलत आहेत, ज्या साच्यावर आक्षेप घेण्याला कारण होते.

‘लालूच दाखवून बाटवतात’ हा आरोप तरीही होत राहतो, शेजाऱ्यावरही होतो. गावातल्या गरीब, दलित कुटुंबाच्या बाबतीत तो नेमका उलटा आहे. राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आरंभी मुख्यतः हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले गेले. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो आजही मिळत नाही. म्हणजे वाडीतल्या महार किंवा मांग कुटुंबाने बाप्तिस्मा घेतला तर अनुसूचित जातीच्या सवलती त्याच्या हातून जातात, भावकीत बोलणी खावी लागतात, सोयरीक जुळताना अडचण येते. ज्या निर्णयात इतके गमवायचे असते त्याला लालूच कशी म्हणणार? कुठे कुणी खरोखर पैसे वाटून माणसे फिरवत असेल तर त्याला कायदा लावावा, ख्रिस्ती लोकांनीही त्याला पाठीशी घालू नये. पण त्याच्या नावाने बांधावरच्या बाईचे तोंड बंद करू नये.

मंडळीतला सल्ला स्वतःला शास्त्राचा आधार असल्यासारखा वागतो, म्हणून शास्त्राकडेही वळू. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात यरुशलेमेत छळ सुरू होतो. प्रेषित, म्हणजे त्या काळचे नेमलेले पुढारी, शहरातच राहतात. पांगतात ती साधी माणसे, आणि जिथे जातात तिथे वचन सांगत जातात. पुढे अंत्युखियाची मोठी मंडळी उभी राहते ती कुप्र आणि कुरेने इथून आलेल्या ज्यांच्यामुळे, त्यांची नावेसुद्धा लूक देत नाही. गरसेकरांच्या प्रांतातला भूतग्रस्त बरा होतो आणि येशूबरोबर जाऊ देण्याची विनवणी करतो. येशू त्याला बरोबर घेत नाही, घरी आपल्या माणसांकडे जाऊन काय घडले ते सांगायला सांगतो. शोमरोनी बाई घागर विहिरीवर सोडून गावात जाते. तिच्याकडे शिक्षण नव्हते आणि गावात तिची पतही नव्हती. जुन्या करारातली नामानाच्या घरची दासी तर युद्धात धरून आणलेली पोर. ती मालकिणीला एक वाक्य बोलते आणि सेनापतीचा प्रवास सुरू होतो. ‘सांगणे हे पाळकांचे काम’ हा नियम या पानांत कुठेही सापडत नाही.

ख्रिस्ती मंडळीच्या वैऱ्यांनीही हे ओळखले होते. दुसऱ्या शतकातला ग्रीक विचारवंत केल्सस याने ख्रिस्ती लोकांवर एक घणाघाती ग्रंथ लिहिला. तो आज आपल्याला ओरिगेनने केलेल्या खंडनातूनच कळतो. केल्ससची एक मोठी तक्रार अशी की घराघरांतले लोकर विणणारे, चांभार आणि परीट, म्हणजे अगदी न शिकलेली माणसे, बायकांना आणि मुलांना हे मत सांगतात. त्याला ही बाब लाजिरवाणी वाटली. त्याच कामगारांच्या बोलण्यातून रोमन साम्राज्यात ख्रिस्ती श्रद्धा पसरली. केल्ससच्या तक्रारीचा अर्धा भाग मात्र आजच्या विश्वासणाऱ्याने मनावर घ्यावा : तो म्हणतो की ही माणसे वडिलांच्या आणि शिक्षकांच्या पाठीमागे मुलांना गाठतात. असे कुणी करत असेल तर ते तेव्हाही वाईट होते, आजही आहे. शेजारच्या पोराला खाऊ देऊन, आईबापांना न कळवता बायबलच्या गोष्टी शिकवू नयेत. आईबापांशी बोलावे, तेही उजेडात.

आणखी एक युक्तिवाद जास्त गोड आहे आणि म्हणून जास्त घातक. तो म्हणतो, शब्द कशाला, जगणे बोलू द्या. याला असिसीच्या फ्रान्सिसचा दाखला जोडतात : त्याने म्हणे शब्दांवाचून सुवार्ता सांगायला शिकवले. असे वाक्य त्याच्या लिखाणात किंवा त्याच्या सुरुवातीच्या चरित्रांत सापडत नाही. तो आयुष्यभर चौकाचौकांत बोलत हिंडला. १२१९ मध्ये धर्मयुद्ध पेटलेले असताना तो मिसरच्या सुलतान अल-कामिलकडे नि:शस्त्र गेला आणि त्याच्याशी ख्रिस्ताबद्दल बोलला. सुलतानाने त्याला सुखरूप परत पाठवले. ख्रिस्ती झाला नाही, पण ऐकून घेतले. चारही बाजूंनी तलवारी उपसलेल्या असताना दोन माणसे बोलली, याचे मोल मोठे आहे.

शिवाय जगणे एकटे कधीच पुरेसे बोलत नाही. एखादी बाई शेजारणीच्या बाळंतपणात रात्रभर जागते, पाण्याच्या भांडणात तंटा वाढवत नाही, दारू सोडलेल्या नवऱ्याला सांभाळून घेते. लोक म्हणतात, बाई गुणाची आहे. ती गप्प राहिली तर सगळे श्रेय तिच्या खात्यावर जमा होते. तिला स्वतःला मात्र पक्के माहीत असते की आपण मुळात असे नव्हतो, रागीट होतो, मनात अढी धरणारे होतो. मग आपल्यात बदल कुठून आला हे विचारल्यावरही न सांगणे याला नम्रता म्हणता येत नाही. पेत्राने आपले पहिले पत्र छळात सापडलेल्या, पांगलेल्या लोकांना लिहिले, आणि त्यांना तो सांगतो की तुमच्या आशेचे कारण कुणी विचारले तर उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने आणि आदराने. ‘दिवस बरे नाहीत’ ही सबब पेत्राच्या वाचकांना आजच्यापेक्षा जास्त शोभली असती. त्याने ती त्यांना दिली नाही.

दिवस बरे नाहीत हे खरे आहे, म्हणून कायदा नेमका काय म्हणतो हे नसरापूरच्या माणसाला माहीत हवे. घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत प्रसाराच्या हक्कावर कडाक्याची चर्चा झाली. लोकनाथ मिश्र यांचा त्याला तीव्र विरोध होता. त्याच्या बाजूने जे बोलले त्यांत कन्हैयालाल मुन्शीही होते, आणि मुन्शी काही ख्रिस्ती मिशनांचे मित्र नव्हेत. त्यांचे म्हणणे असे होते की प्रसार शब्द घातला नाही तरी भाषणस्वातंत्र्यामुळे दुसऱ्याला आपले मत पटवून देण्याची मुभा प्रत्येकाला राहणारच. पुढे १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सीमा आखली : दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा मूलभूत हक्क कुणाला नाही, आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा आहे.

या निकालावर पुष्कळ ख्रिस्ती नाराज आहेत, आणि त्यावर कायदेपंडितांनी वाद घालावा. पण साध्या विश्वासणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर त्याचे काम या सीमेच्या आतच मावते. समोरच्याचे मन फिरवणे त्याच्या हातात कधी नव्हतेच. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे ते पवित्र आत्म्याचे काम आहे. त्याचे काम सांगणे. कुणाला बाप्तिस्म्यापर्यंत नेल्याचा आकडा त्याने ठेवू नये आणि कुठल्या पाळकाने तो मागूही नये. आकडे मागणाऱ्या मंडळ्या शेजाऱ्याला भक्ष्य बनवतात, मग गावाचा संशय खरा ठरतो.

‘आमच्या उंबऱ्यात आणू नका’ म्हणणाऱ्यांनाही एक प्रश्न आहे. मराठी गावात श्रद्धा घरात कोंडून ठेवायची रीत कधी होती? सप्ताह बसतो तेव्हा हरिपाठ अख्ख्या गावाला ऐकू येतो. कीर्तनकार चौकात उभा राहून संसारातल्या माणसाला विठ्ठलाची वाट सांगतो आणि कुणी त्याला अडवत नाही. माळकरी माणूस नव्या जावयालाही माळ घालायचा आग्रह धरतो, दारू-मटण सोड म्हणतो. हे सगळे चांगले आहे. वारकरी परंपरा टिकली ती शिंपी, माळी, सोनार, कुंभार, महार अशा कामकरी माणसांनी आपला अनुभव दुसऱ्याला सांगितला म्हणून. ती रीत ज्याला ठाऊक आहे त्याने शेजारच्या ख्रिस्ती माणसाच्या दोन वाक्यांना कट समजू नये. नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन हीच साधने ख्रिस्ती उपासनेत आणली. १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले, साताऱ्यात राहिले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही चालत. मिशनच्या पगाराखाली आपले बोलणे मोकळे राहत नाही हे त्यांना उमगले होते. आणि हे टिळक स्वतः ख्रिस्ताकडे वळले त्याची सुरुवात कुठल्या प्रचारसभेत झाली नव्हती. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. 

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. त्यांनी आकांत केला, माहेरच्या माणसांत राहिल्या, आणि पुढे एकत्र राहू लागल्यावरही सोवळेओवळे आपल्या मनाने, आपल्या वेळेने सोडले. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला, नवऱ्याच्या नंतर पाच वर्षांनी. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कुठल्याही मराठी वाचकाला हे ठाऊक आहे. ज्या काळात बायकोने नवऱ्याच्या मागे निमूट जायचे असे, त्या काळात लक्ष्मीबाईंना त्यांच्या नवऱ्यालासुद्धा ढकलता आले नाही. मग बांधावरची शेजारीण दोन वाक्ये बोलली की समोरची बाई बाटते, ही भीती त्या समोरच्या बाईच्या अकलेचा अपमान आहे. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांच्या सहवासात राहिले, त्यांचे पुष्कळ विचार त्यांनी घेतले आणि ख्रिस्ती न होता १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. माणसे ऐकतात, तोलतात, हवे ते घेतात, नको ते टाकतात.

बोलणे दुतर्फा असले पाहिजे ही अट विश्वासणाऱ्यानेही पाळायची आहे. १८५७ च्या पहिल्या सहामाहीत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात आठवड्यामागून आठवडे जाहीर वाद झाले. बुवांनी वेदांची बाजू मांडली, ख्रिस्ती मतावर कठोर प्रश्न केले. शेकडो लोक ऐकायला जमत आणि त्याचे वृत्तांत छापून निघाले. एकमेकांवर दगड टाकण्याऐवजी प्रश्न टाकले गेले. आज वाडीतल्या ख्रिस्ती माणसाला शेजाऱ्याने विचारले, की तुमच्यातही जाती आहेतच ना, मिशनच्या जमिनीवरून तुमचीच माणसे कोर्टात जातात ना, तर त्याने तोंड चुकवू नये. प्रश्न रास्त आहेत. ज्याला शेजाऱ्याचे ऐकायचे नाही, ज्याला त्याच्या घरातल्या देवाबद्दल चार शब्द समजून घ्यायचे नाहीत, त्याने आपले सांगायलाही जाऊ नये. आणि दुसऱ्याच्या देवाची टवाळी करून ख्रिस्ताची थोरवी सांगणारा माणूस विश्वासणाऱ्यांतला असला तरी त्याला मंडळीने थांबवावे.

एका बाबतीत तर मंडळीने फार कडक राहायला हवे, ती म्हणजे आजारपण. शेजारी सर्वांत जास्त भेटतात ते दुखण्याखुपण्यात, आणि प्रार्थनेची विनंतीही तेव्हाच येते. प्रार्थना जरूर करावी. पण ‘गोळ्या बंद कर, प्रभू बरे करील’ असे म्हणणारा माणूस सुवार्ता सांगत नाही, जिवाशी खेळतो. भोर-वेल्ह्याच्या खाचरांत, गवतात साप निघतात. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर तो कायदा आला हे विसरू नये. ख्रिस्ती शेजाऱ्याने आधी गाडी बघावी, माणसाला दवाखान्यात न्यावे, गाडीत बसून हवी तेवढी प्रार्थना करावी. रोगी बरा झाला तर डॉक्टरांचेही नाव घ्यावे. बरा झाला नाही तर तेराव्यापर्यंत त्या घरी जात राहावे आणि त्या दिवसांत धर्माचा विषय आपण होऊन काढू नये. शोकात बुडालेला माणूस नाही म्हणण्याच्या स्थितीत नसतो.

राहिली ती शेवटची सबब : आम्हांला बोलता येत नाही, आमचे वाचन नाही. ही सबब खोटी नाही, तिची जबाबदारी मात्र व्यासपीठावर आहे. वर्षानुवर्षे उपदेश ऐकलेल्या माणसाला आपल्या श्रद्धेबद्दल चार सरळ वाक्ये बोलता येत नसतील तर त्याला तसे घडवलेच गेलेले नाही. मंडळीत साक्ष दिली जाते, पण ती ठरीव शब्दांत : तारण, पापक्षमा, रक्ताने धुतले जाणे, अभिषेक. बाहेरच्या माणसाला यातले काही कळत नाही आणि सांगणाऱ्यालाही ते स्वतःचे वाटत नाही. पाळकांनी महिन्यातून एक तरी रविवार असा ठेवावा की विश्वासणाऱ्यांनी आपली गोष्ट घरातल्या मराठीत, शेजारणीला सांगावी तशी सांगायची : काय बिघडले होते, कुणाकडे वळलो, काय सुधारले, काय अजून सुधारलेले नाही. ऐकणाऱ्यांनी तिथेच विचारावे, हे कळले नाही, हे जास्त झाले, इथे तू स्वतःची बढाई मारलीस. मार्काचे शुभवर्तमान एका बैठकीत वाचून होते. ते प्रत्येक घरात मोठ्याने वाचले जावे, म्हणजे येशूबद्दल विचारले तर ऐकीव चमत्कारांऐवजी त्याने काय केले आणि काय सांगितले हे बोलता येईल. कायद्यातली सीमाही याच बैठकांत समजावून द्यावी, वकील बोलावून द्यावी, म्हणजे कुणी दमदाटी करायला आले तर घाबरून खोटे बोलावे लागणार नाही आणि उगाच वाद वाढवण्याचीही वेळ येणार नाही. नसरापूरच्या परिसरात हे करायला नवी इमारत लागत नाही, बाहेरचा पैसा लागत नाही. लागतो तो पाळकांनी बोलण्याचा मक्ता सोडण्याचा निर्णय, आणि तो त्यांनी येत्या लावणीच्या आधी घ्यावा, कारण सावडीच्या त्या आठवड्यांत माणसे जितकी एकमेकांशी बोलतात तितकी वर्षभरात बोलत नाहीत.